गरज भागतेय, पण कोणाच्या जिवावर? स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी मोजताना

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आशाताईंनी घरोघरी आरोग्य तपासणीसाठी भरलेल्या सीबॅक फॉर्ममधून घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरणारे साठीपुढचे बरेच जण समोर आले. त्यातल्या काहींचं स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे. त्यांना घरी नेमकी कोणती मदत लागते ते मोजायचं आहे. माझ्याकडे एमएमएसई ही स्मरणशक्तीची चाचणी आणि रोजच्या कामांची कॅट्झची यादी आहे. पण बहुतेक जण शाळेत गेलेले नाहीत, पोडावर (कोलाम वस्तीवर) कोलामी बोलतात, तांड्यावर (बंजारा वस्तीवर) गोरमाटी. कोणती मोजपट्टी वापरू? भाषेचं काय करू? आणि वरून एकच आकडा मागतात, तो कोणता देऊ?

उत्तर:

एमएमएसई या कामातून आधी बाजूला काढा. फोल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ती केली, ती स्मरण आणि आकलन किती खालावलं हे झटपट पाहायला. माणसाला दिवसभरात कोणाचा हात किती लागतो, हे ती विचारतच नाही. त्यातही शंभरातून सात-सात वजा करा, वाक्य वाचा, वाक्य लिहा, पंचकोन काढा, असा सगळा पाटी-पेन्सिलीचा मामला. निवृत्त गुरुजी त्यात बऱ्यापैकी गुण काढतात आणि घरी सदरा पायात घालायला बघतात. जन्मभर सालगडी राहिलेले बाबाजी तिथे सपशेल नापास होतात, पण बैलांना पाणी पाजून वेळेवर गोठ्यात बांधतात. गरजेच्या यादीत गुरुजी वर यायला हवेत, बाबाजी खाली. गुणांवर गेलात तर नेमकं उलटं होईल.

ही अडचण नवी नाही. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरात १९९० च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन तयार झाली. तिच्यात वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात, वाचून डोळे मिटण्याच्या जागी समोरच्याचं पाहून मिटायला, आणि लिहिण्याच्या जागी घराबद्दल काही बोलायला. स्मरण तपासायचंच असेल तर ती धरा. त्याच अभ्यासातून एव्हरीडे अॅबिलिटीज स्केल फॉर इंडिया, म्हणजे ईझी, आली. ती घरच्या माणसाला विचारायची छोटी यादी आहे. जेवण झाल्याचं विसरतात का, गावात वाट चुकतात का, मोठे सण लक्षात राहतात का, घरातल्या लग्नकार्याच्या बोलणीत मत देतात का, सांगितलेला निरोप पोचवतात का. आपल्याकडे होळी-दिवाळीसोबत पोळा आणि आखाजी विचारा, बौद्ध घरात चौदा एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन विचारा. निरोपाचा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा, कारण तो तिथल्या तिथे करून बघता येतो. "माय, शेजारी सांगून येता का, ताई आल्या म्हणून?" आजी कुठवर जातात आणि तिथे पोचल्यावर काय सांगतात, हे ओट्यावर बसून दिसतं.

कॅट्झची यादी १९६३ ची. तिच्यात सहाच गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावर ताबा, जेवण. ती ठेवा, पण संडासाचा प्रश्न आपल्या गावात जसाच्या तसा चालत नाही. कागदावर घरात संडास असतो. प्रत्यक्षात त्यात तुऱ्हाट्या नाहीतर गोवऱ्या भरलेल्या असतात, आणि आजी पहाटे डबा घेऊन बाहेर जातात. "स्वतः जाते ना?" "हो, जाते की." झालं, स्वावलंबी म्हणून खूण. ती कुठे जाते, वाटेत विहीर आहे का, परत येताना कोणाच्या घरात शिरते, हे विचारल्याशिवाय ती खूण करू नका.

लॉटन यांची १९६९ ची यादी आणखी फसवी आहे. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे अशा आठ बाबी. मूळ पद्धतीत पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणं मोजतच नसत. आपल्याकडे बायकांच्या बाबतीतही गोम आहे. सून आल्यापासून सासूने चुलीला हात लावलेला नाही, बँकेत ती कधी एकटी गेली नाही, यवतमाळला गेली ती कोणाच्या तरी सोबतच. "करत नाही" ही खूण मग दुखण्याची आहे की घरच्या रीतीची, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक बाबीला तीन उपप्रश्न लावा: पूर्वी करत होत्या का, कधी सोडलं, आणि उद्या सून माहेरी गेली तर जमेल का? तिसऱ्या प्रश्नावर घरातले एकमेकांकडे बघायला लागले की उत्तर मिळालं असं समजा.

आता मुख्य हत्यार. गरजा मोजायला मी केंबरवेल असेसमेंट ऑफ नीड फॉर द एल्डरली, म्हणजे केन, हिचा सांगाडा वापरते. ती इंग्लंडमध्ये तयार झाली, २००० साली प्रसिद्ध झाली. वृद्धासाठी तिच्यात २४ क्षेत्रं आहेत, सांभाळणाऱ्यासाठी आणखी २. निवारा, जेवण, स्वच्छता, दिवसभराचं काम, डोळे-कान, पडणं, औषधं, सोबत, पैसे, सरकारी लाभ, छळ किंवा दुर्लक्ष, आणि हो, "दुसऱ्या कोणाला सांभाळणं" हेसुद्धा. प्रत्येक क्षेत्राला तीनच खुणा: शून्य म्हणजे गरज नाही, एक म्हणजे गरज आहे पण भागते आहे, दोन म्हणजे गरज आहे आणि भागत नाही. वृद्ध, सांभाळणारा आणि कर्मचारी यांची मतं वेगवेगळी नोंदवायची सोय आहे.

इथेच सगळे घाई करतात. दोनच्या खुणा मोजतात, एकच्या खुणांकडे बघत नाहीत. खेड्यात खरी बातमी मात्र एकच्या खुणांत दडलेली असते. समजा घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं आहेत. जेवण एक, अंघोळ एक, संडास एक, औषधं एक, रात्रीची राखण एक. कागद बघून वाटतं, घर चांगलं आहे, पुढच्या घरी चला. सुनेला विचारा, "हे सगळं कोण करतं?" ती म्हणते, "मीच पायतो ना, दुसरं कोन हाय." पाचही गरजा एका बाईवर टांगलेल्या. ती निंदणाला जाते, तिला पाठदुखी आहे, रात्री आजी चारदा उठतात म्हणून तिची झोप होत नाही. तिला आठवडाभर ताप आला तर पाचही खुणा एका दिवसात दोन होतील. खरं तर केनमध्ये पहिल्या खुणेनंतर आणखी रकाने आहेत: घरच्यांकडून किती मदत मिळते, यंत्रणेकडून किती मिळते, किती लागते, आणि मिळते ती योग्य आहे का. वेळ वाचवायला लोक तेवढेच गाळतात. तुम्ही बाकी काहीही गाळा, ते गाळू नका. मी त्यात एक रकाना माझ्या पदरचा घालते: "ही व्यक्ती तीन दिवस नसेल तर कोण?" तिथे नाव हवं. "बघू कोणीतरी" हे नाव नव्हे.

लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख. त्यात बायकांचं आणि खेड्यांचं प्रमाण जास्त. सांभाळणारीही बहुधा बाईच. त्यामुळे हा रकाना भरताना एकाच घरातल्या दोन बायकांचा हिशेब मांडतोय, हे डोक्यात असू द्या.

दुसरी गोष्ट ऋतूची. शहरातल्या पाहणीत एकदा मोजलं की वर्षभर चालतं. आपल्याकडे तसं नाही. कापूस फुटला की वेचणीच्या दिवसांत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच घर रिकामं. आजीला बाहेरून कडी घालून जातात, किंवा पाळण्यातलं लेकरू तिच्या ताब्यात देऊन जातात. हेच ते "दुसऱ्या कोणाला सांभाळणं" क्षेत्र. परदेशी फॉर्मवर ते बहुधा आजारी नवऱ्यासाठी भरलं जातं, आपल्याकडे नातवासाठी. बाळाला दूध पाजलं की नाही हे जिला आठवत नाही, तिच्यावर बाळ सोपवलं असेल तर ती दोनची खूण आहे, घरातल्यांना कितीही सोयीचं असलं तरी. मे महिन्यात गणित पुन्हा बदलतं. घरात माणसं असतात, पण पारा ४५ च्या पुढे, पाणी दूर, आणि आजींना तहान लागल्याचं सांगता येत नाही. दोन दिवसांत अचानक जास्त बरळायला लागल्या, सुस्तावल्या, ओळखेनाशा झाल्या, तर तो स्मृतिभ्रंश वाढला असं धरू नका. पाणी कमी पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, नवं औषध, डोक्याला मार, यांतलं काहीतरी असतं. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे मोजणी थांबवा.

मोजणीआधी आणखी एक गोष्ट उरकून घ्या: थायरॉइड, बी-१२, नैराश्य, मोतीबिंदू, कानातला मळ. हे सुधारलं की निम्म्या "गरजा" गळून पडतात असा दावा मी करणार नाही, पण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या उत्तरांवर खुणा करण्यात अर्थ नाही.

कोणाला विचारायचं? तिघांनाही, आणि वेगवेगळं बसवून. सासूसमोर सून बोलत नाही, सुनेसमोर सासू बोलत नाही, आणि मुलगा दोघींच्या वतीने बोलतो. मी सुनेसोबत चुलीपाशी किंवा हापशीवर बोलते, आशाताई तेवढ्यात आजींपाशी बसते. केन वापरून झालेल्या अभ्यासांत वृद्ध स्वतः कमी गरजा सांगतात आणि सांभाळणारे जास्त, असं बहुधा दिसतं. म्हणून वृद्धाचं उत्तर बाद करायचं नाही. आजींना तारीख-वार सांगता येत नसेल, पण "दिवसभर कोणी बोलतं का तुमच्याशी?" याचं उत्तर त्या ठाम देतात. माणसांनी भरलेल्या घरात सोबतीच्या रकान्यात घरचे शून्य सांगतात आणि आजी दोन सांगतात. तिथे मी आजींचं धरते.

"रोज काय करतात?" असं मोघम विचारू नका. कालचा दिवस चालत जा. काल पहाटे कोण आधी उठलं, तोंड धुवायला पाणी कोणी दिलं, चहा कुठे बसून घेतला, दुपारी कोण घरी होतं, दिवेलागणीला काय झालं, रात्री किती वेळा उठवलं. संध्याकाळी घालमेल वाढते, हे घरच्यांना ठाऊक असतं, पण फॉर्ममध्ये तशी ओळ नसल्याने सांगत नाहीत. आणि राहिलेलं सामर्थ्यही लिहा. पीठ मळता येत नसेल पण वाती वळता येतात, शेंगा फोडता येतात, सुपात तांदूळ पाखडता येतात, विहारात वंदनेला बसता येतं. दिवसभराच्या कामाची गरज भागवायचा रस्ता त्यातूनच निघतो.

भाषेकडे येते. पोडावर किंवा तांड्यावर नातवाला दुभाषा करू नका. तो आजीच्या शौचाचे प्रश्न विचारणार नाही, आणि बापाविरुद्धचं उत्तर तुमच्यापर्यंत आणणार नाही. त्याच वस्तीतली, पण त्या घराची नसलेली बाई घ्या. आशाताई तिथलीच असेल तर उत्तम. दोघींनी आधी बसून प्रश्न पक्के करा: ती कोलामीत किंवा गोरमाटीत विचारेल, तिसऱ्या कोणीतरी तिने काय विचारलं ते मराठीत तुम्हाला सांगायचं. जुळलं तर पुढे जा. मेळघाटात कोरकूसाठी, गडचिरोलीत माडियासाठी हेच. जन्मभर बाजारात मराठी बोललेली कोलाम आजी स्मृतिभ्रंशात मराठी सोडून कोलामीवर येऊ शकते, कारण नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते. केसपेपरवर मग "बोलत नाही" असं पडतं. तिच्याशी तिच्या भाषेत बोलल्याशिवाय संवादाच्या रकान्यात काही लिहू नका. अगदीच बोलत नसेल तर दुखण्याची गरज चेहऱ्यावरून बघा. पेनॅड नावाची पाच मुद्द्यांची पट्टी त्यासाठीच आहे: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल, समजूत घातल्यावर शांत होतात का.

अमेरिकेत बाल्टिमोरला घरी राहणाऱ्या २५४ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली आला. तिथे जवळजवळ प्रत्येकाची किमान एक गरज अपुरी निघाली, आणि सुरक्षिततेची तर बहुतेकांची. ज्यांना रोजच्या कामात मदत कमी लागत होती, त्यांच्या अपुऱ्या गरजा जास्त होत्या. गरीब आणि गोरेतर लोकांच्याही जास्त होत्या. मला यात आपलं गाव दिसतं. अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. धडधाकट हिंडणाऱ्या बुढ्याकडे कोणाचं नसतं, "चळला बुढा" म्हणून सोडून देतात. आणि पोडावरचा, तांड्यावरचा, भूमिहीन घरातला बुढा तर यादीत सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. म्हणून हिंडत्या-फिरत्यांची घरं आधी करा.

सुरक्षिततेसाठी इंग्रजी फॉर्ममध्ये गॅसची शेगडी, गालिचा, मोटार चालवणं असतं. तुम्ही घरात फिरा आणि हे बघा: कठडा नसलेली विहीर किती पावलांवर, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलंय का, चूल जमिनीवर आहे का, वायर लोंबते का, पहाटे बाहेर पडायचं दार कोणतं. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपला जिल्हा देशभर गाजला तो शेतातल्या माणसांमुळे, पण तोच डबा घरात खाटेखाली असतो. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात माणसं मारणाऱ्या वाघिणीचे दिवस लोक विसरलेले नाहीत, पहाटे एकटं निघणाऱ्या वृद्धाचा धोका तिथे वेगळा मोजावा लागतो. दारूच्या क्षेत्रात खर्रा आणि मोहाही घाला. "खर्रा देला का बुढी गप बसते" हे मी इतक्या घरांत ऐकते की त्याला वेगळी ओळच करावी.

पैशाचं क्षेत्र खासगीत विचारा. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे कोण काढतं, अंगठा कोणाच्या सांगण्यावरून लागतो, सातबाऱ्यावर गेल्या वर्षभरात फेरफार झाला का. छळ सरळ विचारून कळत नाही. अंगावरचे वळ, अंथरुणाचा वास, ताटात काय वाढलंय, यावरून कळतो. शंका आली तर एकटीने तोंड उघडू नका. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, वृद्धांसाठीचा १४५६७ हा क्रमांक वापरा, २००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायदा हाताशी आहे.

सांभाळणाऱ्याचा ताण मोजायला झॅरिटची २२ प्रश्नांची पट्टी आहे, ० ते ८८ गुणांची. आपल्याकडे तिच्यावर फार विसंबू नका. "ओझं वाटतं का?" विचारलं तर सून म्हणते, "आपलंच माणूस आहे, ओझं कसलं." गुण कमी, बाई थकलेली. त्याऐवजी असे प्रश्न विचारा ज्यांना लाज आड येत नाही: गेल्या महिन्यात किती मजुरी पडली, रात्री सलग किती झोप झाली, शेवटचं माहेरी कधी गेलात, स्वतःची बीपीची गोळी चालू आहे का. ती बोलता बोलता रडली तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला मराठीत बोलता येतं हे सांगून ठेवा.

एक सावधगिरी. तुम्ही प्रश्नांची उदाहरणं बदललीत की छापील कट-ऑफ, म्हणजे किती गुणांना काय धरायचं त्या रेषा, तुम्हाला लागू होत नाहीत. क्षेत्र तेच ठेवा, उदाहरण बदला, आणि आपल्याच दोन कार्यकर्त्यांनी थोडी घरं स्वतंत्रपणे भरून खुणा ताडून बघा. जिथे खुणा जुळत नाहीत तो प्रश्न मोघम आहे, दुरुस्त करा. दोघींमध्ये वाद बहुधा "भागते" आणि "भागत नाही" यांच्या सीमेवर होतो. तो वाद कंटाळा न करता पूर्ण करा, प्रशिक्षण त्यातच होतं.

राहिला वरचा आकडा. अपुऱ्या गरजांची बेरीज देऊ नका. चष्मा नसणं आणि विहिरीला कठडा नसणं त्यात सारखेच मोजले जातात. देता आले तर दोन आकडे द्या. पहिला, विहीर, विष, आग, छळ, गिळताना ठसका किंवा लहान बाळाची जबाबदारी यांपैकी एक तरी उघडी गरज असलेली घरं किती. ही घरं आठवडा उलटू न देता हलवायची. दुसरा, जेवण, पाणी, शौच, औषध आणि रात्र या पाचांपैकी तीन किंवा जास्त गरजा एकाच माणसावर आहेत आणि त्याच्या जागी घ्यायला नाव नाही, अशी घरं किती. एकच आकडा द्यायचा असं अडून बसले तर दुसरा द्या. पहिल्यातल्या घरांचं काम तुम्ही आकडा न पाठवताही सुरू करू शकता. दुसऱ्यातल्या घरांना पगारी मदतनीस, दिवसाची सोय किंवा वेचणीच्या काळात अंगणवाडीशेजारी बसायला जागा लागते, आणि ती वरूनच मंजूर व्हावी लागते. आकड्याशेजारी महिना लिहा. नोव्हेंबरचा आणि मेचा आकडा एका रकान्यात मिसळू देऊ नका.